मनात येतं ते आणि मनात असतं ते

पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील आम्ही काढून टाकले आहेत. लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या, बाळ आठ महिन्यांचं, नवरा बोटीवर. घरी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. नणंद म्हापशाला, दीर वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. तीन पानांच्या पत्रातला मुख्य भाग असा:

"बाळ दोन महिन्यांचं असताना दुपारी हुमणासाठी नारळ खवायला आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसले होते. बाळ चटईवर होतं. एकदम मनात आलं, याला या पात्यावर धरलं तर? अंगाला दरदरून घाम सुटला. तेव्हापासून बाळाला मारायचा विचार येतो, दिवसातून कितीतरी वेळा. आदोळी माळ्यावर टाकली आहे. नारळ शेजारच्या काकी खवून देतात, त्यांना हात दुखतो म्हणून सांगितलंय. विचार आला की २१ वेळा नाम घेते, मध्ये चुकलं तर पहिल्यापासून. बाळाचं अंग तपासते, कुठे ओरखडा नाही ना. देवळात तीनदा कौल लावून झाला. आईला नुसतं विचारलं की वाईट विचार का येतात, तर ती म्हणाली, मनी वसे ते स्वप्नी दिसे. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माझ्या हातून खरंच काही होईल की काय अशी भीती वाटते. दुसरी गोष्ट याहून लाजेची. सासूबाईंची कूस बदलताना कधी कधी वाटतं, या गेल्या तर मी सुटेन. हे दोन्ही मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी वाईट बाई आहे का? यांना सांगू का?"

ताई, वाईट बाईला असा विचार आल्यावर घाम फुटत नाही, आणि ती आदोळी माळ्यावर नेऊन टाकत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण एवढ्याने तुमची दुपार सुटणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत. एकात तुम्ही म्हणता, "बाळाला मारायचा विचार येतो." दुसऱ्यात म्हणता, "माझ्या हातून काही होईल की काय अशी भीती वाटते." दोन्ही एकच आहेत असं समजून तुम्ही लिहिलंत, पण खरं आहे ते दुसरं. इच्छा सांगायला मराठीत वेगळं रूप आहे: खावंसं वाटतं, झोपावंसं वाटतं, माहेरी जावंसं वाटतं. तीन पानांत बाळाविषयी असं "-वंसं वाटतं" एकदाही आलेलं नाही. आली आहे ती भीती. हा फरक नीट धरून ठेवा, पुढे डॉक्टरांशी बोलताना तो लागणार आहे.

तुमच्या आईंनी म्हण सांगितली ती चांगल्या मनाने, पण ती इथली नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही ध्यास घेतलेल्या माणसाची म्हण. तुमच्या दुपारची म्हण दुसरी आहे: मन चिंती ते वैरी न चिंती. ज्याच्यावर सगळा जीव, नेमकं त्याच्याबद्दल मन असलं काही चिंततं की वैरीही चिंतणार नाही. म्हणीत सुद्धा ते वैऱ्याचं मन नाही, आपल्याच माणसाचं आहे.

अशा विचारांवर भरपूर काम झालेलं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं, गेल्या तीन महिन्यांत नको असलेला, आपोआप घुसणारा विचार मनात आला का. सुमारे ९४ टक्क्यांनी हो म्हटलं. त्याआधी १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी साध्यासुध्या माणसांचे आणि उपचार घेणाऱ्या रुग्णांचे विचार शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मजकूर इतका सारखा होता की कुठला कुणाचा हे ओळखणं जाणकारांनाही सोपं गेलं नाही. आणि खास तुमच्यासाठी: २००८ च्या एका अभ्यासात ९१ नव्या आयांना विचारलं होतं. बाळाला चुकून काही होईल हा विचार त्या सगळ्यांच्या मनात येऊन गेला होता. आपणच मुद्दाम काही करू, असा नको असलेला विचार जवळजवळ निम्म्या जणींना आला होता. म्हणजे लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या बाकावर तुमच्या शेजारी जी बसते, तिलाही तो येऊन गेलेला असू शकतो. तीही बोलत नाही, तुम्हीही बोलत नाही, आणि दोघी आपापल्या घरी जाऊन स्वतःला एकटी समजता.

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत कडेला उभ्या असलेल्या माणसाला क्षणभर वाटून जातं, उडी मारली तर? मांडवीच्या पुलावर स्कूटर चालवणाऱ्याला वाटतं, हँडल वळवलं तर? आरती चालू असताना देवासमोरच एखादी शिवी मनात उमटते. बहुतेकांच्या मनातून ते दोन सेकंदांत निघून जातं आणि संध्याकाळी आठवतही नाही. तुमच्याकडे ते का थांबलं? कारण तुम्ही त्याला थांबवून विचारलंत, तू का आलास? बाळंतपणानंतरचं शरीर, तुटक झोप, घरात मोठं माणूस अंथरुणाला, नवरा दूर, म्हणजे सगळा पहारा तुमच्या एकटीवर. अशा वेळी मन धोके शोधतच बसलेलं असतं. धारदार पातं आणि तान्हं बाळ एका खोलीत दिसलं की ते धोक्याचं चित्र रंगवणारच. ते चित्र म्हणजे पहारेकऱ्याची आरोळी होती. तुम्ही तिला चोराचं पाऊल समजलात.

मग तुम्ही विचार दाबायला लागलात. १९८७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. विचार मिनिटाला एकाहून जास्त वेळा येत राहिला. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, ज्यांनी आधी दाबला होता त्यांना तो इतरांपेक्षा जास्त आला. घरी करून पाहायचं असेल तर अस्वल नको, शिगम्यातल्या घोडेमोडणीचा घोडा घ्या. पाच मिनिटं त्याचा विचार करायचा नाही. ढोलाच्या आवाजासकट येईल. विचार आला नाही ना हे तपासण्यासाठी मनाला तोच विचार हातात धरून बसावं लागतं, म्हणून असं होतं.

खोबरं खवताना खिडकीत कावळा येतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. रोज एक तुकडा टाकला की तो रोज त्याच वेळेला हजर. तुमच्या विचाराला तुम्ही दिवसातून चार प्रकारचे तुकडे टाकता आहात: टाळणं, तपासणं, मोजून नाम घेणं, कौल. प्रत्येकाने थोडा वेळ बरं वाटतं. ते बरं वाटणं हाच तुकडा. मनाची समजूत होते की आदोळी माळ्यावर गेली म्हणून बाळ वाचलं, नाम पूर्ण झालं म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी मग आणखी जोरात पहारा.

अंग तपासणं सगळ्यात आधी बंद करा, कारण ते सोपं आहे. आंघोळ घालताना आणि कपडे बदलताना बाळाचं अंग तसंही दिसतं, तेवढं पुरे. नाम सोडू नका, पण ते विचाराच्या मागे लावू नका. संध्याकाळी दिवा लावल्यावर घ्या, न मोजता. चुकलं तर पुढे चला. विचार आल्यावर लगेच नाम घ्यायची ओढ लागेल, तेव्हा ते नाम दिवेलागणीपर्यंत राखून ठेवा.

कौलाबद्दल जरा जपून लिहितो, कारण ही आपली जुनी रीत आहे आणि आम्हाला तिचा आदर आहे. घर बांधायचं असतं, सोयरीक जुळवायची असते, लोक गाऱ्हाणं घालून कौल लावतात, प्रसाद पडतो तो मान्य करतात आणि उठतात. तुम्ही तीनदा लावलात, कारण पहिल्या कौलाने मिळालेली शांती संध्याकाळपर्यंतही पुरली नाही. चौथा लावलात तरी तेच होईल. कमी पडली ती देवाची खात्री नव्हे. शंभर टक्के खात्री या जगात कुणालाच मिळत नाही आणि तुमचं मन तीच मागत बसलं आहे. एकदा उत्तर मिळालं आहे, ते राहू द्या. आणि कुणी बाधा उतरवणाऱ्या घाड्याकडे चला म्हणालं तर या कामासाठी जाऊ नका. तुझ्यात काहीतरी शिरलंय असं एकदा कानावर पडलं की विचाराला बाहेरची शक्ती मिळाल्यासारखं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, तुम्ही बसमधून पाहिला असेल. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या गोंयकाराने पॅरिसमध्ये ठासून सांगितलं ते हेच, की निद्रा येते ती संमोहन करणाऱ्याच्या हातातल्या शक्तीने येत नाही, ज्याला येते त्याच्या स्वतःच्या मनामुळे येते. आदोळीच्या पात्यातही तुम्ही घातलेलीच शक्ती आहे.

आता आदोळी. ती खाली काढायची आहे, पण एका दिवसात सगळं करायचं नाही.

आधी एक कसोटी ठरवून घ्या. शेजारच्या काकी त्यांच्या रांगत्या नातवासमोर जेवढी काळजी घेतील तेवढी योग्य. काम झालं की पातं भिंतीकडे करून ठेवणं, बाळ हाताच्या अंतरावर असताना न खवणं, मध्येच उठायचं झालं तर आदोळी उघडी न टाकणं, ही काळजी कायम राहील, कारण आठ महिन्यांचं मूल खरोखरच पात्याला हात लावू शकतं. त्याच्या पलीकडचं सगळं भीतीचं आहे आणि ते हळूहळू सोडायचं आहे.

पहिले तीन दिवस आदोळी नुसती खाली आणून तिच्या जुन्या जागी ठेवा. बाळ आतल्या खोलीत झोपलं असताना तिच्यासमोर बसा. भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्या आणि दर पाच मिनिटांनी कागदावर लिहा. सुरुवातीला सात-आठ येईल, कदाचित वर चढेल. उठू नका. काही न करता बसून राहिलं की भीती बहुतेक वेळा अर्ध्या ते पाऊण तासात आपोआप उतरते, कारण शरीर तेवढा वेळ धडधडत राहू शकत नाही. आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर आला की उठा. तिसऱ्या दिवशी पहिलाच आकडा कमी निघाला तर पुढे चला, नाही तर आणखी दोन दिवस तेच.

मग नारळाची एक वाटी खवा, बाळ अजून आतच. पाटावर नेहमीसारख्या बसा, हात नेहमीच्या वेगाने चालू द्या. विचार येईल. यावाच, तो आल्याशिवाय हा सराव होत नाही. आला की मनात एकदाच म्हणा, "आला, नको असलेला विचार." त्याला उत्तर द्यायचं नाही. मी असं करणार नाही, माझा बाळावर जीव आहे, असंही म्हणायचं नाही, कारण ती वकिली झाली आणि खटला चालू राहतो. दातेरी टोकावर वाटी फिरवायची, पांढरा कीस ताटात पडतो आहे तो पाहायचा, करवंटीचा तपकिरी भाग लागायला आला की थांबायचं. तुमचं काम नारळ खवणं आहे, विचार घालवणं नाही. तो असताना नारळ खवून झाला की दिवसाचं काम झालं.

त्यानंतरच्या पायरीला बाळ दाराबाहेर दिसेल असं ठेवा, कुणाच्या तरी मांडीवर. मग त्याच खोलीत, पाच-सहा हात लांब, खुर्चीत किंवा पाळण्यात. शेवटी घरात जागं मोठं माणूस दुसरं कुणी नसताना. प्रत्येक पायरीला तीन ते पाच दिवस धरा. पंधरवड्यात होईल असं नाही, महिना-दीड महिना लागला तरी चालेल.

हा सराव बिघडतो त्या जागा सांगून ठेवतो. आकडा सगळ्यात वर असताना उठून गेलात तर मन शिकतं की पळाले म्हणून वाचले, आणि उद्या आकडा आणखी वर. त्यापेक्षा सोप्या पायरीवर बसा पण उतरेपर्यंत बसा. दुसरं, तोंड गप्प आणि आत नाम चालू, ही चोरटी पळवाट फार जणी घेतात आणि मग म्हणतात की सरावाने काही झालं नाही. तिसरं, आज आला नाही ना, असं स्वतःला विचारणं. विचारलंत की तो आलाच. चौथं, फक्त बऱ्या दिवशी सराव करणं. आणि रात्री सलग चार तास तरी झोप मिळाली नसेल तर त्या दिवशी नवी पायरी चढू नका, जुनीच करा.

पण सराव सुरू करण्याआधी काही गोष्टी प्रामाणिकपणे तपासा. झोप येत नाही आणि तिची गरजही वाटत नाही, उलट अंगात भलताच जोर आलाय. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, ते काही करायला सांगतात. बाळ आपलं नाही, त्याच्यात काही दैवी किंवा दुष्ट आहे असं खरंच पटतं. किंवा बाळाला इजा करणं योग्य आहे असं वाटू लागतं, भीतीच वाटत नाही. यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवायचा, बाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हा वेगळा आजार आहे. हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि उपचारांनी बरा होतो. तुमच्या पत्रात याची एकही खूण नाही. सलग दोन आठवडे उदास वाटणं, कशातच मन न लागणं किंवा आपण नसलेलं बरं असं वाटणं, हे असलं तरी डॉक्टरकडे जायला थांबायचं नाही. स्वतःला संपवण्याचा विचार आला तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

रोजचा एक तासाहून जास्त वेळ या विचारांत आणि त्यांच्या बंदोबस्तात जात असेल, तर डॉक्टर ओसीडी म्हणजे मंत्रचळेपणा या आजाराचा विचार करतात. तुमच्या पत्रावरून तुमचा वेळ त्याहून जास्त जातो असं वाटतं. म्हणून आमचं मत असं, की वरचा सराव एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली करा. बांबोळीला गोमेकॉ म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. ओपीडीत वेळ थोडा असतो आणि आयत्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाहीत, म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या आणि तो कागदच पुढे करा. मजकूर असा ठेवा: "बाळाला माझ्या हातून इजा होईल असे नको असलेले विचार येतात. मला त्यांची फार भीती वाटते. तसं करावंसं कधीच वाटत नाही. आजवर काही केलेलं नाही. आदोळी आणि सुरी टाळते, पुन्हा पुन्हा तपासते, मोजून नाम घेते. रोज अंदाजे इतका वेळ जातो. बाळ अंगावर पितं." शेवटचं वाक्य विसरू नका. औषध द्यायची वेळ आली तर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, पण ती निवडायला डॉक्टरांना हे माहीत हवं. या औषधांचा पूर्ण गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांत काही नाही म्हणून सोडणारे खूप असतात, आणि तिथेच फसतात.

डॉक्टर कुणाला सांगतील का, ही धास्ती तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला खरा धोका असेल तर त्याला अपवाद आहे. पण तुम्ही सांगता तशा घाबरवणाऱ्या विचारांना मानसोपचाराची माणसं नीट ओळखतात.

यांना सांगू का, असं विचारलंत. सांगा, पण पद्धत सांभाळा. व्हॉइस मेसेज तुकड्या-तुकड्यांनी पाठवू नका. समुद्रावर नेट मध्येच जातं, पहिला अर्धा मेसेज पोहोचला आणि दुसरा चार तासांनी, तर ते चार तास त्यांनी कसे काढायचे? त्यांची ड्युटी संपलेली असेल, सलग अर्धा तास बोलता येईल, अशी वेळ आधी विचारून घ्या. सुरुवात शेवटापासून करा: "बाळ ठीक आहे, मी ठीक आहे, मला एक त्रास होतोय आणि त्याला नाव आहे, उपचार आहे." मग काय ते सांगा. शेवटी त्यांच्याकडून काय हवंय तेही सांगा. "तू असं कधी करणार नाहीस" हे त्यांनी एकदा म्हटलं तर गोड वाटेल, रोज म्हणायला लागले तर तो पुन्हा कावळ्याचा तुकडा होईल. रोज विचारायचं तर एवढंच विचारू देत, आज नारळ कुणी खवला?

आता सासूबाई. इथे आमचा सल्ला नेमका उलटा आहे, आणि म्हणूनच दोन्ही गोष्टी तुम्ही एका गाठोड्यात बांधल्यात याचं आम्हाला वाईट वाटलं. आदोळीवरचा विचार मनात येतो, त्याला वाटेला लागू द्यायचं. "या गेल्या तर मी सुटेन" हे मात्र तुमच्या मनात आहे. त्यात खरेपणा आहे, फक्त अर्धा. त्या वाक्यातला "सुटेन" हा शब्द खरा. "गेल्या तर" हे थकलेल्या मनाला दुसरी वाट दिसत नाही म्हणून आलंय. अर्धांगवायूच्या माणसाची सेवा करणाऱ्या किती तरी लेकीसुनांच्या मनात हे वाक्य असतं, आणि माणूस गेल्यावर त्याच ओक्साबोक्शी रडतात. दोन्ही खरं असतं.

सुटायचं कशातून, ते आधी मोजा. एक वही घ्या आणि सात दिवस वेळा लिहा. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला आणि टाचांना लालसर डाग पडलेत का पाहणं, अंग पुसणं, पॅड बदलणं, पेज भरवणं, औषधं, रात्री किती वेळा उठलात. रविवारी बेरीज करा. बेरीज झाल्याशिवाय बोलायला जाऊ नका, कारण "मी फार थकते" यावर घरातलं प्रत्येक जण "आम्हीही थकतो" म्हणू शकतं, "आठवड्याला इतके तास" यावर तसं म्हणता येत नाही.

मधल्या काळात हे मनातलं बाहेर काढायला लिहिणं उपयोगी पडतं. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, हाताने, न थांबता, शुद्धलेखनाकडे न बघता. लिहून झाल्यावर कागद फाडून चुलीत टाकला तरी चालतो. लिहिल्यानंतर तासभर मन उलट जड होतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका, दुपारी लिहा. आणि हे फक्त सासूबाईंबद्दलच्या मनासाठी. आदोळीच्या विचारावर लिहीत बसू नका, तिथे लिहिणं म्हणजे पुन्हा तपासणं.

मग वन्संना फोन करा. त्या येतील तेव्हा पाहू, चवथीला सगळे जमतील तेव्हा बोलू, असं वाटेल. चवथीला नको. माटोळी बांधायची गडबड, घरभर पाहुणे, स्वयंपाकाचा घाम, आणि अशा वेळी जी गोष्ट निघते ती विनंती म्हणून निघत नाही, भांडण म्हणूनच निघते. साध्या दिवशी, त्या घरी निवांत असताना बोला. "वन्सं, आईंची आठवड्याची सेवा मी लिहून काढली, इतके तास होतात. बाळासकट मला ते झेपत नाही, माझी तब्येत बिघडली आहे आणि डॉक्टरकडे जाते आहे. महिन्यातून दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तुम्ही येऊन आईंपाशी राहाल का?" दिवस नेमके सांगा. "जरा मदत करा" म्हटलं की हो म्हणतात आणि कुणी येत नाही. बाळाबद्दलचा विचार वन्संना सांगायची गरज नाही, तब्येत एवढं पुरे. दिरांकडे वेळ मागू नका, शिफ्टवाल्या माणसाचा वेळ ठरत नाही, त्यांच्याकडे पैसे मागा. सकाळचे तीन तास अंग पुसायला आणि कूस बदलायला बाई ठेवायची, खर्च दोघा भावांत अर्धा-अर्धा. नाही म्हणाले तर आकडा लिहून नवऱ्याला पाठवा आणि भावाशी त्यांनाच बोलू द्या. ते बोलणं तुमच्या वाट्याचं नाही.

सासूबाईंना यातलं काही कळायला नको. त्यांना कळेल ते एवढंच, की दुसऱ्या शनिवारी लेक आली आणि सुनेने दुपारी दोन तास दार लावून झोप काढली.

राहिल्या काकी. हात दुखत नव्हता हे त्यांना सांगायची काहीच गरज नाही. "आता माझं मी खवते" म्हणा, आणि पहिल्या दिवशी खवलेलं वाटीभर खोबरं त्यांना नेऊन द्या.